ओव्हन चालू असेल तरच लागणारा दिवा

घरामागे सव्वाशे फुटांवर माझं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. ओहायोत, कोलंबसच्या जवळ, 2005 साली हे घर घेतलं ते निम्मं त्या शेडकडे बघूनच. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री दोन वाजता तिथला एअर कॉम्प्रेसर धडधडायला लागला. मी स्विच बंद करायला विसरलो होतो आणि टाकीतली हवा हळूहळू गळत होती. टॉर्च घेऊन बर्फ तुडवत गेलो, बंद केला, परत आलो. झोप काही लागेना. तेव्हाच ठरवलं, वर्कशॉपची वीज घरात बसून बंद करता आली पाहिजे.

वेगळी वायर टाकायची तर अंगण खणायला लागणार होतं. म्हणून एक्स-टेन घेतलं. घरातली उपकरणं लांबून चालू-बंद करायची ही प्रणाली, आणि तिला निरोप न्यायला घरातली विजेची तारच पुरते. तंत्र जुनं आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लेनरोथ्सला पिको इलेक्ट्रॉनिक्सने 1975 साली ते तयार केलं. त्यामागची कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. इथली वीज 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 120 वेळा व्होल्टेज शून्यावर येतं. नेमक्या त्या क्षणी पाठवणारं यंत्र 120 किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा झटका तारेत सोडतं. झटका आला तर एक, नाही आला तर शून्य. ए ते पी ही सोळा अक्षरं, प्रत्येक अक्षराखाली सोळा आकडे, असे 256 पत्ते. पत्ता आणि हुकूम मिळून पाऊण सेकंदाच्या वर वेळ जातो. बटण दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, मग मॉड्यूलमधला, म्हणजे उपकरणाच्या प्लगपाशी बसून हुकूम ऐकणाऱ्या डबीतला, रिले (विजेवर चालणारा स्विच) ‘टक्’ करतो. तो ‘टक्’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ते बटण उगाचच दहा वेळा दाबलं.

स्वयंपाकघरात बटणांचा छोटा कंट्रोलर लावला. हॉलमधले दिवे एका संध्याकाळीत जमले. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटला मॉड्यूल लावलं आणि तिथे सगळं अडलं. काहीच होईना. मॉड्यूल बदललं, पत्ता बदलला, कंट्रोलर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. दोन महिने हेच चालू होतं, मग सामान खोक्यात भरून ठेवलं. मॉड्यूल तेवढं तिकडेच राहिलं.

2006 च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बायको नानकटाई करत होती. ओट्यावर जागा करताना मी तो कंट्रोलर काढला आणि सहज सॉकेटमध्ये लावून बटण दाबलं. ती खिडकीशी होती. म्हणाली, “अरे, मागचा दिवा लागला!” मी परत दाबलं, बंद झाला. पुन्हा लावला. दहा मिनिटांनी मुलाला दाखवायला बोलावलं तर दिवा ढिम्म हलेना. थोड्या वेळाने परत लागला. मी वहीत वेळा लिहायला लागलो. बायकोनेच ओव्हनकडे बोट दाखवलं: ओव्हनचं तापमान राखणारा लाल दिवा पेटलेला असला की वर्कशॉपचा दिवा ऐकतो, तो विझला की ऐकत नाही.

रविवारी सांगलीला फोन केला. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झालेले, उभी हयात लायनीवर गेलेली.

“ओव्हन किती व्होल्टचा?” त्यांनी विचारलं.

“दोनशेचाळीस.”

“आणि दिवा?”

“एकशेवीस.”

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे दोन लाइनी आहेत रे तुझ्या घरात. बटण एकीवर, दिवा दुसरीवर. ओव्हनची कॉइल दोन्हींच्या मध्ये आडवी. ती चालू असंपर्यंत तुझा निरोप तिच्यातनं पलीकडं जातोय.”

बरोबर तसंच होतं. अमेरिकेत घरात 240 व्होल्ट येतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधोमध काढलेल्या न्यूट्रलमुळे त्याचे 120-120 चे दोन भाग पडतात. साधी सॉकेटं कुठल्या तरी एका भागावर, ओव्हन दोन्हींवर. एरवी सिग्नलला दुसऱ्या भागावर जायचं तर पार बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यावं लागतं, आणि येईतो त्यात जीव राहत नाही. आपल्याकडे तीन फेजच्या घरात आर, वाय, बी वेगवेगळ्या खोल्यांना वाटलेले असतात, तिथेही हीच अडचण येणार.

उपाय छोटासा निघाला: दोन्ही लाइनींच्या मध्ये 0.1 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असलेला कपलर. 60 हर्ट्झला त्याचा अडथळा साडेसव्वीस हजार ओहम, 120 किलोहर्ट्झला फक्त तेरा. म्हणजे वीज अडते आणि सिग्नल जातो. पण ब्रेकर असतात त्या विजेच्या पॅनेलमध्ये हात मी घातला नाही. मेन ब्रेकर पाडला तरी बाहेरून येणाऱ्या तारांची टोकं जिवंतच असतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने दोन-पोल ब्रेकरवर तो अर्ध्या तासात बसवला. ते पैसे वाचवायचे नसतात.

आता ओव्हन बंद असतानाही वर्कशॉपचा दिवा लागायला लागला, पण दहातून सहा वेळा. मग सिग्नल मोजायचा मीटर आणला. खात्रीने काम व्हायचं तर मॉड्यूलपाशी निदान 100 मिलिव्होल्ट मिळायला हवेत. माझ्या बाकावर मिळत होते 40. वर्कशॉपमधली एकूणएक वस्तू प्लगमधून काढली: आकडा 190. मग एकेक परत लावत गेलो. रेडिओ, काही फरक नाही. ग्राइंडर, नाही. ड्रिलच्या बॅटरीचा चार्जर लावला आणि आकडा एकदम 80 वर कोसळला. जुन्या कॉम्प्युटरच्या यूपीएसने उरलंसुरलं खाल्लं. या वस्तूंच्या आत विजेतली खरखर गाळायला कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांच्या लेखी आपला सिग्नल म्हणजेही खरखरच, तेव्हा ते तोही गिळतात. दोन्हींना प्लगमध्ये लावायचे फिल्टर घातले. लेथचं प्रकरण उलटं होतं. त्याचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोल स्वतःच तारेत इतका गोंगाट करायचा की लेथ फिरत असताना कुठलाच हुकूम पोचत नसे. त्यालाही फिल्टर, पण मोटरचे अँपिअर पेलेल असा, मोठा.

मध्येच एक भुताटकी झाली. हॉलचा दिवा रात्री आपोआप लागायला लागला. मी घराचं अक्षर कंपनीतून आलेलं तसंच, ए, ठेवलं होतं. आमचा आणि शेजाऱ्यांचा ट्रान्सफॉर्मर एकच, आणि त्यांच्या तळघरातही एक्स-टेनच होतं, तेही ए वर. कुंपणापाशी उभं राहून दोन मिनिटांत वाटणी केली, मी एम घेतला.

ज्या कॉम्प्रेसरसाठी हे सगळं केलं तो साध्या मॉड्यूलवर चालणारच नव्हता. त्या मॉड्यूलची मोटर पेलण्याची मर्यादा एक तृतीयांश हॉर्सपॉवर. म्हणून त्याला वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठी मोटर पेलणारा कॉइलवरचा स्विच, बसवला आणि मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल चालवायची. रात्री अकराला कॉम्प्युटरच कॉम्प्रेसरला बंद व्हायचा हुकूम तीनदा पाठवतो. तीनदा, कारण या मॉड्यूलकडून उलट उत्तर येत नाही. पोचलं का नाही ते कळायला मार्ग नाही.

गोल करवत आणि रंध्याचं मशीन मात्र यावर कधीच लावणार नाही. तारेतल्या एखाद्या भरकटलेल्या सिग्नलनेही मॉड्यूल चालू होऊ शकतं. शिवाय मॉड्यूलने बंद ठेवलेल्या यंत्राचा स्वतःचा स्विच बंद करून चालू केला, तर मॉड्यूल ते ओळखून वीज सोडतं. दिव्यासाठी ही सोय आहे. पातं बदलायला बोटं आत घातलेली असताना ती नको. हीटरही नाही, भुसा असलेल्या जागेत माणूस नसताना तापणारी वस्तू चालू व्हायला नको.

पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. कुठला ब्रेकर कुठल्या लाइनीवर, कुठल्या सॉकेटला फिल्टर, प्रत्येक जागी किती मिलिव्होल्ट. नवा चार्जर घरात आला की आधी मीटरशेजारी लागतो. गेल्या आठवड्यात मुलाच्या लॅपटॉपचा लागला: 60 ने घट. आणखी एक फिल्टर मागवलाय.