चोर्ल्याच्या चढणीवर गिअरबॉक्सचं तापमान: नोंद चौथी

काल सकाळी गोव्यातल्या केरीहून निघून चोर्ला घाट चढलो आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान ९७ अंशांच्या वर गेलं नाही. मागे ट्रेलर, त्यावर स्कूटर, पाण्याची टाकी काठोकाठ, एसी चालू आणि मे महिन्याचा उकाडा. फेब्रुवारीत याच घाटात, एवढ्याच वजनाला १२४ पाहिलं होतं. मधल्या तीन महिन्यांत काय केलं ते सविस्तर लिहितोय. ऑटोमॅटिक गाडीमागे ट्रेलर लावून घाट चढणारे आपल्याकडे मोजकेच आहेत, त्यातल्या एकाचा जरी गिअरबॉक्स यामुळे वाचला तरी मला फार बरं वाटेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची माहिती. पिक-अपच्या चासीवर बांधलेलं छोटं मोटरहोम, डिझेल इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) सहा गिअरचा ऑटोमॅटिक. डिचोलीत खनिजाचे ट्रक मोजायचे काटे आहेत, तिथे सगळं मोजून घेतलं. ट्रेलर सामानासकट ४१० किलो भरला. गाडीचं वजन आरसीवरच्या मर्यादेत बसतंय हे बघितलं आणि मगच पुढच्या कामाला लागलो.

सुरुवात झाली ती जानेवारीतल्या जळक्या वासाने. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी थांबलो, खाली उतरलो आणि बायको म्हणाली, "अहो, काहीतरी करपल्यासारखं येतंय." डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा अगदी मध्यावर. तो काटा इंजिनच्या कूलंटचा, गिअरबॉक्सचा नव्हे. गिअरबॉक्स आतून उकळत असला तरी तो जागचा हलत नाही. परतल्यावर ऑइलचे चार थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकले. लाल असायला हवं होतं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी निघालं.

एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, साधारण ८० ते ९५ अंशांत सुखाने राहतं. ११० नंतर सावध व्हायचं. १२० च्या पुढे आत वार्निशसारखा थर धरू लागतो, १३० च्या पलीकडे रबरी सील कडक व्हायला लागतात. जुना ठोकताळा असा, की ८० च्या वर दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं.

नवीन ऑइल घातलं आणि मोजायच्या मागे लागलो. माझा पहिला ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावला की तिच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) स्वस्तातला, ईएलएम ३२७ या चिपची नक्कल. कूलंट, आरपीएम, वेग सगळं दाखवायचा, फक्त गिअरबॉक्सच्या जागी रेघ. ओबीडीच्या सगळ्या गाड्यांना समान असलेल्या यादीत गिअरबॉक्सचं तापमान मुळात नाहीच. ते कंपनीच्या स्वतःच्या कोडने, बहुतेक गाड्यांत मोड २२ मधून मागावं लागतं, आणि नकली चिपांना ती भाषा नीट येत नाही. चांगला डोंगल घेतला, टॉर्क प्रो या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आपल्या गिअरबॉक्सचा कोड हाताने भरला आणि आकडा आला.

आला म्हणून लगेच खरा मानला नाही. तापमान मोजायची इन्फ्रारेडची बंदूक गिअरबॉक्सच्या पॅनवर (खालच्या ऑइलच्या भांड्यावर) धरली तर ती बरंच कमी दाखवत होती. चकचकीत धातूवर ती चुकते. म्हणून पॅनवर रुपयाच्या नाण्याएवढा डाग बिनचमकीच्या काळ्या रंगाने रंगवला, वाळू दिला, गाडी वीस मिनिटं फिरवली आणि त्या डागावर नेम धरला. अ‍ॅपमध्ये ८६, बंदुकीवर ८३. पॅनच्या पत्र्याला बाहेरून हवा लागते, तेव्हा तीन अंशांचा फरक मला मान्य आहे.

मग फेब्रुवारीची फेरी. समुद्रसपाटीजवळच्या केरीपासून वर सुमारे ८०० मीटर चढायचं. गिअर 'डी'मध्येच, पुढे भरलेला ट्रक. मुलगा शेजारी बसून आकडे मोठ्याने वाचत होता: एकशे दोन, एकशे नऊ, एकशे सोळा. १२४ ला मी रुंद जागा बघून बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही. बंद केलं की पंप थांबतो आणि गरम ऑइल जागच्या जागी तापत राहतं. 'पी'मध्ये टाकून आरपीएम बाराशेच्या आसपास धरला. सात मिनिटांत १०४.

ही उष्णता नुसत्या वजनाने होत नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन पंख्यांच्या मध्ये ऑइल घुसळलं जातं. दोन्ही पंखे एकमेकांना जखडणारा लॉक-अप क्लच बसला की घुसळण थांबते, तो सुटला की ताकदीचा काही भाग ऑइल तापवण्यात जातो. ओळखायची खूण सोपी: अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबा. आरपीएमचा काटा एकदम वर उडाला आणि वेग तोच राहिला, तर क्लच सुटलेला. 'डी'मध्ये गाडी चढणीवरही वरचा गिअर धरू बघत होती. १,५०० आरपीएमला तिला दम नाही, म्हणून कन्व्हर्टर सुटा ठेवून ती रेटत होती.

मार्चमध्ये एकही स्पेअर पार्ट न बदलता तोच घाट पुन्हा केला. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर, वेग चाळीसच्या आसपास, आरपीएम २,३०० च्या जवळ. वळणात पहिला. ट्रक आडवा आला की त्याच्या शेपटीला लागायचं नाही. थांबायचं, त्याला दोन वळणं पुढे जाऊ द्यायचं आणि मोकळ्या रस्त्यावर एका लयीत चढायचं. बाबा निघताना दारात उभे राहून नेहमी म्हणतात, "सवकास वच रे." घाटात मात्र त्यांचं ऐकून चालत नाही. फार सावकाश गेलं की क्लच सुटतो. सर्वांत वरचा आकडा १०८. नुसत्या चालवण्याने सोळा अंश उतरले! कूलरवर पैसे घालण्याआधी प्रत्येकाने हे करून बघावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एप्रिलमध्ये जादा कूलर बसवला. एसीच्या कंडेन्सरपुढे प्लेटचा कूलर, रेडिएटरमधल्या मूळ कूलरच्या नंतर ओळीत जोडलेला. रेडिएटरमधल्या कूलरच्या भोवती कूलंटच असतं, त्यामुळे ऑइल तिथे कूलंटपेक्षा थंड होऊ शकत नाही. पुढचं काम उघड्या हवेचं. नळ्या एटीएफसाठीच्याच घेतल्या, साध्या डिझेलच्या नळ्या लावू नका.

खरी परीक्षा नंतर होती. कूलर आणि नळ्यांत ऑइल जातं, तेव्हा लेव्हल पुन्हा बघावी लागते. आमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (लेव्हल बघायची पट्टी) नाही. पुस्तकात दिलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, खालचा प्लग उघडायचा आणि ऑइल थेंबथेंब ओघळतंय का ते बघायचं. धार लागली तर जास्त आहे, काहीच आलं नाही तर कमी. तापमान त्या मर्यादेत जेमतेम काही मिनिटं राहतं. पहिल्या दिवशी दुपारी बसलो तर मेस्त्रींनी प्लगला पाना लावेपर्यंत आकडा पुढे निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला, गाडी रात्रभर थंड झालेली असताना सुरुवात केली. मी आकडा वाचतोय, ते गाडीखाली. ४० ला प्लग सुटला, काहीच आलं नाही. वरून थोडं थोडं भरत गेलो. पाव लिटरच्या थोडं पुढे पहिला थेंब पडला, मग दुसरा. लालभडक. मेस्त्रींनी तिथेच प्लग आवळला.

तर कालचे ९७ हे असे आले. पण हा पॅनमधला आकडा आहे, म्हणजे मिसळून थोडं निवलेल्या ऑइलचा. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या नळीत ऑइल याहून बरंच गरम असणार. त्या नळीत सेन्सर बसवायला टी-जोड आणून ठेवलाय. पावसाआधी एकदा मोलेहून अनमोड घाट चढायचा आहे, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून घेईन. मुलाने वहीत दोन रकाने आखूनही ठेवलेत.