काळ्या मातीवरचं लेथ

दसऱ्याला आठ दिवस होते. सोयाबीन काढणीला आलेलं, थ्रेशर रस्त्यावर दिसायला लागलेले, आणि दारव्हा तालुक्यातल्या एका गावातलं आठ फुटी लेथ, म्हणजे लोखंडाचा जॉब फिरवत कापायचं मशीन, नेमकं तेव्हाच टेपर मारायला लागलं, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक कापायला लागलं. मालकाचा फोन आला तेव्हा त्याचं निदान ठरून गेलेलं होतं. "भाऊ, पुढचं बेअरिंग गेलं हाये. नागपूरवरून नवा जोड आणून ठेवला. तुमी फक्त बसवून द्या."

लेथ बटाल्याच्या बनावटीचं, ऑल गिअर हेडचं, म्हणजे गती गिअरनं बदलणारं. बेडपासून (मशीनचा लांब ओतीव पाया) सेंटरची, म्हणजे जॉब ज्या रेषेवर फिरतो तिची, उंची ८ इंच, मोटर ३ एचपीची. तक्रार अशी होती की थ्रेशरच्या पुलीला ५० मिमीचं बोअर (आरपार भोक) केलं, हब म्हणजे मधला जाड भाग १२० मिमी लांब, तर बाहेरचं तोंड ढिलं आणि चककडचं, म्हणजे जॉब धरणाऱ्या पंजाकडचं, घट्ट. दोन पुल्या गिऱ्हाइकानं परत आणल्या होत्या. त्यातली एक मी हातात घेतली. चावीचा, म्हणजे पुली शाफ्टला अडकवणाऱ्या पाचरीचा, गाळा एका टोकाला फाकलेला, बोअरच्या तोंडाशी तांबूस भुकटी. पुली शाफ्टवर एका बाजूनं डुलत राहिली की अशी भुकटी पडते, मग चावी खाल्ली जाते आणि शेवटी शाफ्टही. बोअर गेजनं मोजलं. बाहेरचं तोंड ०.०३ मिमीनं मोठं भरलं.

नवं बेअरिंग डब्यात होतं आणि मालकाला घाई होती, तरी आधी जुनं तपासायचं ठरवलं. स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, नाकावर डायल (शतांश मिमी दाखवणारं काट्याचं गेज) लावला, चकखाली लाकडी ठोकळा ठेवून सब्बलीनं वर उचकलं. काटा ०.०१ हलला. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल टेकवून हातानं फिरवलं, तिथेही ०.०१. मग मशीन चाळीस मिनिटं मधल्या गतीवर चालवलं. हेडस्टॉकवर, म्हणजे स्पिंडलच्या पेटीवर, हात ठेवला तर कोमट, आवाज सलग. हे बेअरिंग चांगलं होतं. शिवाय बेअरिंग ढिलं झालं की जॉबवर थरथरीच्या खुणा येतात, गोलाई बिघडते, एकाच मापाचे तीन जॉब तीन तऱ्हेचे निघतात. इथे प्रत्येक जॉब सारखाच बिघडत होता, एकाच दिशेनं, एकाच हिशोबानं. असा शिस्तीतला दोष भूमितीचा असतो.

पुढचं कव्हर काढून पाहिलं. जुन्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगच्या तोंडावर नंबरापुढे पी५, म्हणजे जास्त अचूकतेचा वर्ग, कोरलेलं होतं. नव्या डब्यावर नंबर तोच, पण पी५ नाही. म्हणजे साधा वर्ग. पंपाला, पंख्याला, थ्रेशरला तो चालतो. लेथच्या स्पिंडलला लावला तर गोलाईच जाते. दुकानात नंबर सांगून बेअरिंग मागितलं की साधंच हातात येतं, म्हणून नंबरासोबत वर्गही सांगावा आणि डबा उघडायच्या आधी वाचून घ्यावा. चांगलं पी५ काढून तिथे साधं बसवलं असतं तर टेपर तसाच राहिला असता आणि मशीनची अचूकताही गेली असती. मी डबा बंद करून मालकाच्या हातात दिला.

मालकानं आधी गावातल्या एका फिटरला बोलावलं होतं. त्यानं हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून हेड सरकवायचं सुचवलं होतं. नशीब की ते केलं नाही. बेडवर हेडस्टॉक कारखान्यात घासून बसवलेला असतो. एकदा तो हलवला की परत जागेवर आणायला मास्टर मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) आणि दोन दिवस लागतात.

मग खरी परीक्षा. ५० मिमीची माइल्ड स्टीलची गोल सळई चकमध्ये धरली, बाहेर २८० मिमी. टेलस्टॉक, म्हणजे जॉबचं दुसरं टोक सेंटरच्या अणीनं टेकवणारा भाग, मागे सारून ठेवला. सेंटर लावायचं नाही, नाहीतर टेलस्टॉकचा दोष जॉबमध्ये मिसळतो. सळईच्या मधला भाग अर्धा मिमी खोल उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (उंच कड्या) ठेवल्या, त्यांच्यात अंतर २५० मिमी. धारदार टूल, ०.१ मिमीचा कट, बारीक फीड. दोन्ही कॉलर एकाच सेटिंगवर, क्रॉस स्लाइडला, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या सरकीला, हात न लावता. मायक्रोमीटरनं चककडची कॉलर ४९.२२, बाहेरची ४९.२८. बाहेर ०.०६ जाड.

बहुतेक जण इथे थांबून बेड घासायचं ठरवतात. पण बेडच्या झिजेची खूण वेगळी असते. लेथचं काम जास्त चकजवळ होतं, म्हणून बेडची पुढची व्ही आकाराची कड चकजवळ झिजते, सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) तिथे ऑपरेटरकडे झुकतो, टूल जॉबपासून लांब जातं आणि जॉब चकजवळ जाड निघतो. इथे उलट होतं. बेडवर बोट फिरवलं तर चकजवळ पायरी लागत नव्हती, आणि मशीन काही फार जुनं नव्हतं.

०.०६ व्यासातला फरक म्हणजे टूल ०.०३ मिमी मागे सरकलं. टूल बेडपासून २०० मिमी वर आहे. एवढ्या उंचीवर ०.०३ सरकायला सॅडल मीटरला ०.१५ मिमी कलायला हवा. हा कल २५० मिमीच्या प्रवासात आलाय. सॅडलचा पूर्ण प्रवास १२५० मिमी, म्हणजे पाचपट, म्हणजे चकपासून टेलपर्यंत बेड मीटरला साधारण पाऊण मिमी पिळलेला असणार, आणि टेलकडे पुढची बाजू खाली. हा हिशोब फळीवर खडूनं मांडून मालकाला दाखवला, कारण पुढचं सगळं काम त्यावरच होतं.

तेवढ्यात लाईट गेली. पण लेव्हल (कल दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) पाहायला वीज लागत नाही.

लेव्हल थेट बेडवर ठेवण्यापेक्षा क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवून सॅडल सरकवणं मला जास्त खात्रीचं वाटतं, कारण टूल ज्याच्यावर बसतं तोच कल मोजला जातो. क्रॉस स्लाइडची वरची बाजू केरोसिननं पुसली, ऑइल स्टोन हलकाच फिरवून टोचे काढले. लेव्हल २०० मिमी लांब, एक घर म्हणजे मीटरला ०.०२ मिमी. चकजवळ बुडबुडा मध्यावर आणला आणि सॅडल हळूहळू टेलकडे नेला. अर्ध्यात पोहोचायच्या आधीच बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटला. मग लेव्हलच्या ऑपरेटरकडच्या टोकाखाली फिलर गेजची, म्हणजे नेमक्या जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाची, पाती सरकवत गेलो. ०.०५, ०.१०, आणि ०.१५ ला बुडबुडा मध्यावर आला. २०० मिमीला ०.१५ म्हणजे मीटरला ०.७५. फळीवरचा हिशोब आणि लेव्हल जुळले.

आता प्रश्न होता, ओतीव लोखंडाचा बेड पिळला कशानं. मी खाली बसलो आणि कोबा पाहिला. टेलच्या पायाजवळून केसाएवढी भेग निघून मागच्या भिंतीकडे गेली होती, भिंतीजवळ ती नखाएवढी रुंद. बाहेर जाऊन शेडच्या मागची बाजू पाहिली. टिनाला पन्हाळ नाही, पागोळ्या सरळ भिंतीच्या पायाशी पडतात आणि तिथे लांबच लांब डबकं. शेड शेताच्या धुऱ्यावर बांधलेली, माती काळी कसदार. आपल्या भागातल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचा चिकण भाग असतो. तो पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो. उन्हाळ्यात शेताच्या भेगेत हात जातो, ती हीच माती. चार महिने पागोळ्यांचं पाणी मुरलं, मागच्या कोपऱ्याखालची माती फुगली, टेलचा मागचा पाय वर उचलला गेला. पुढचा पाय जागेवरच. बेड पिळला.

हे बोलणं चाललं असताना चक पुसणारा पोरगा म्हणाला, "दादा, उन्हाळ्यात तर उलटं होत होतं. आतलं तोंड ढिलं राहे." मालकानं त्याच्याकडे पाहिलं. लेथ या शेडमध्ये येऊन एकच वर्ष झालं होतं, आणि मे महिन्यातल्या त्या बोअरचं खापर ड्रिलवर फुटलं होतं. उन्हाळ्यात भिंतीकडची माती आधी वाळली, मागचा पाय खचला, पीळ उलटा गेला. त्या पोराच्या एका वाक्यानं शंकेला जागा उरली नाही.

याच पिळानं टेलस्टॉकही चकवा देतो. सेंटर लावलेला ६०० मिमीचा शाफ्ट दोन्ही टोकांना बरोबर आणि मध्ये दोन-तीन शतांश मिमी फुगीर निघत होता. टेलस्टॉक त्याच पिळलेल्या बेडवर बसतो, म्हणून टूलबरोबर तोही कलतो आणि टोकाचं माप जमून जातं. पण चकनं सरळ धरलेला शाफ्ट सेंटरशी जुळायला वाकतो, तो वाक मध्ये दिसतो. लोक टेलस्टॉकचे साइड स्क्रू फिरवत बसतात. इथेही ते फिरवलेले होते.

सीझन समोर असताना फाउंडेशन उकरणं शक्य नव्हतं, म्हणून शिम, म्हणजे पायाखाली घालायची पातळ पट्टी. पितळी शिमचा रोल आणायला यवतमाळला जाण्यात दिवस गेला असता. तालुक्याच्या ऑटो स्पेअरच्या दुकानातून फिलर गेजचे दोन सेट मागवले, त्याची पाती कापली. कडक स्टील, जाडी वर छापलेली, दबत नाही. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा काही जण घालतात. तो स्टीलपेक्षा मऊ असतो. पुठ्ठा, रबर तर मुळीच नको.

पुढच्या आणि मागच्या पायात अंतर ४२० मिमी. मीटरला ०.७५ म्हणजे साधारण ०.३० मिमीचं शिम. टेलच्या दोन्ही फाउंडेशन बोल्टचे नट सैल केले, सब्बलीनं पुढचा पाय हलका उचलला, पायाखालचा चुरा पातीनं खरवडून साफ केला, ०.३० सरकवलं, नट आवळले. लेव्हलखालचं पातं ०.१५ वरून ०.०५ वर आलं. पूर्ण का नाही आलं? बेड स्वतः ताठ असतो, तो टेलकडे सरळ होताना हेडकडचा पायही थोडा ओढतो, आणि भेगाळलेला कोबा आवळल्यावर थोडा दबतो. पुढे ०.१०, मग ०.०५, दर वेळी नट पूर्ण आवळून मगच वाचन. नट सैल ठेवून घेतलेलं वाचन खोटं असतं. एकूण ०.४५ वर लेव्हल एका घराच्या आत आली.

लाईट चार वाजता आली. दोन कॉलरवर पुन्हा ०.१ चा कट घेतला: ४९.०२ आणि ४९.०३. लेव्हल काय म्हणते त्यापेक्षा हे माप शेवटचं. मग टेलस्टॉक मँड्रेल लावून जागेवर आणला आणि पुलीचं बोअर करून पाहिलं. बोअर गेजचा काटा दोन्ही तोंडांना सारखा.

जाता जाता दोन गोष्टी बदलल्या. मालक बेडवर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल टाकत होता. त्यात काजळी आणि लोखंडाची बारीक भुकटी असते, ती सॅडलखाली घासायच्या पेस्टसारखी काम करते. बेडला स्लाइडवेचं ६८ नंबरचं ऑइल सांगितलं. सॅडलचे फेल्ट वायपर (बेड पुसत जाणारे नमद्याचे पट्टे) दगडासारखे कडक झाले होते. त्याच मापाचे मिळेनात, म्हणून जाड नमद्याचे तुकडे कापून ऑइलमध्ये भिजवून बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडा अर्धं घर सरकलेला. सीझनभर दर आठवड्याला दोन कॉलर घ्यायला पोराला शिकवून ठेवलं. माती वाळत गेली तशी शिम कमी होत गेली, डिसेंबरात ०.२० वर आली. हे अपेक्षितच होतं.

कायमचं काम कापूस उरकल्यावर झालं. ३.६ बाय १.६ मीटरचा, १.२ मीटर खोल खड्डा. काळी माती सगळी बाहेर. पाऊण मीटर मुरूम, १५ सेंमीचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं कुटलेला. इथेच मजूर घाई करतात आणि ३० सेंमीचा थर टाकतात; वरचा कुटला जातो, खालचा पोकळ राहतो. त्यावर लेथचे सगळे पाय एकाच ठोकळ्यावर यावेत असा ३ बाय १ मीटर, ४५ सेंमी जाड सळईचा काँक्रीट ठोकळा, सिमेंट-रेती-खडीचं एक-दीड-तीन प्रमाण, सिमेंट अकरा पोती. ठोकळा आणि शेडच्या कोब्यामध्ये २० मिमीची फट ठेवून थर्माकोल भरला, म्हणजे कोबा हलला तरी ठोकळा हलत नाही. बोल्टचे गाळे मोकळे सोडून नंतर त्यात न आकसणारं ग्राउट (सिमेंटचा पातळ गारा). २८ दिवस पाणी, तोवर नट हातानंच. मागच्या बाजूला टिनाला पन्हाळ, आणि भिंतीलगत एक मीटर रुंद फरशी बाहेर उतार देऊन.

त्यानंतरच्या सप्टेंबरात कॉलरमधला फरक ०.०१ भरला, पुढच्या मे महिन्यातही तेवढाच. पिलर ड्रिल आणि पॉवर हॅक्सॉ अजून जुन्या कोब्यावरच आहेत. त्यांचं बुड एकसंध आहे, कललं तरी पिळत नाही, म्हणून त्यांना हात लावला नाही.