पेन्सिलीचा गोल

"काकू, इतकी वर्षं कोर्टाची कामं करताय, आणि 'कंडोन' दिसलं की अजूनही पेन्सिलीनं गोल करता?" शिवाजीनगर कोर्टात नवा आलेला प्रत्येक ज्युनिअर वकील मला हे एकदा तरी विचारतो. तेही हसत. मीही आजवर हसून फाइल परत देत आले. आता पुरे झालं. विचारलंत म्हणून सांगते.

आधी एक गैरसमज. 'कंडोन' म्हणजे झालेली चूक माफ करणं. हा इंग्रजी शब्द मला येत नाही म्हणून मी गोल करत नाही. उशिराच्या अपिलाला जोडायचा विलंबमाफीचा अर्ज मी झोपेतही टाइप करीन. गंमत अशी की ज्या कलमाखाली तो करायचा, त्या १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम ५ मध्ये 'कंडोन' हा शब्दच नाही. पुरेसं कारण दाखवून कोर्टाची खात्री पटवा, एवढंच तिथे म्हटलंय. शब्द वकिलांच्या तोंडी बसला आणि अर्जाचं नावच पडलं. त्यात तुम्ही लोक लिहिता, "वी कंडोन द डिले". म्हणजे उशीर तुम्हीच केलात आणि माफही तुम्हीच करून टाकलात! माफ कोर्टानं करायचं असतं. एकानं तर 'कंडोल' लिहिलं होतं, विलंबाचं सांत्वन. आणि माफ होते ती चूक, माणूस नव्हे. 'कंडोन हिम' असं इंग्रजीत होत नाही. असल्या चुका मी सरळ पेनानं दुरुस्त करते. पेन्सिल वेगळ्या कामाला लागते.

२००४ साल. मी नारायण पेठेत एका वकीलसाहेबांकडे होते. टायपिस्ट म्हणून लागले, पण इंग्रजी बरं म्हणून पक्षकारांचं मराठी ऐकून शपथपत्राचा कच्चा मसुदाही मीच करायची. मला त्याचा फार तोरा होता. एक बाई घटस्फोटाच्या केससाठी यायच्या, धनकवडीहून, दोन बस बदलून. नवऱ्याचा जाच. सरतपासणीचं शपथपत्र, म्हणजे त्यांची स्वतःची लेखी साक्ष, करायचं होतं. त्या सांगत होत्या, मी लिहून घेत होते. पहिल्यांदा हात उचलला तेव्हा माहेरी गेल्या, दीड महिन्यानं परत आल्या. "का आलात परत?" मी विचारलं. म्हणाल्या, "मुलाची शाळा होती. सगळं पोटात घातलं आणि आले."

अपराध पोटात घालणं. मी खूश झाले. इतका नेमका इंग्रजी शब्द माझ्याकडे तयार होता! 'आय कंडोन्ड हिज कंडक्ट अँड रिटर्न्ड.' 'एन्ड्युअर्ड', म्हणजे सोसलं, लिहिता आलं असतं, 'सफर्ड इन सायलेन्स' लिहिता आलं असतं. पण ते मला शाळकरी वाटलं. साहेबांनी घाईत मसुदा चाळला आणि पुढे ढकलला. सही घेण्याआधी शपथपत्र मराठीत वाचून समजावून सांगायचं असतं. तेही मीच केलं. त्या वाक्यापाशी आले आणि 'कंडोन्ड'चं मराठी काय सांगितलं असेल? "पोटात घातलं." त्यांचाच शब्द त्यांना परत दिला. त्यांनी मान डोलावली. त्या नाही कशाला म्हणतील?

उलटतपासणीला मी मागच्या बाकावर होते. समोरच्या वकिलांनी आवाज चढवला नाही. बाईंना विचारलं, परिच्छेद अकरामधलं हे वाक्य तुमचंच ना? हो. परत आल्यावर त्याच महिन्यात घरी सत्यनारायण झाला, पूजेला जोडीनं बसलात? हो. दिवाळीचा फराळ केलात? केला. म्हणजे तुम्ही त्यांना क्षमा केली होती. बाई गप्प. मग म्हणाल्या, "मी पोटात घातलं होतं." वकील म्हणाले, "तेच म्हणतोय मी," आणि खाली बसले.

कलम २३ तुम्हाला पाठ असेल, मला त्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी उघडून दाखवलं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात जाच सिद्ध होऊनही अर्जदारानं तो कंडोन केला असेल, तर घटस्फोट मिळत नाही. शिवाय १९७५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी लिहिलेला. खटला पुण्याच्याच कोर्टात उभा राहिलेला. तिथे बायकोचा जाच सिद्ध झाला, पण नवऱ्यानं तो कंडोन केला असं ठरलं आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. क्षमा आणि पूर्वीच्या जागी पुन्हा बसवणं, दोन्ही मिळून कंडोनेशन, असं त्यात म्हटलंय. सत्यनारायणाचा पाट म्हणजे पूर्वीची जागाच की!

आता माझी बाजू. त्याच निकालात हेही आहे की ही माफी सशर्त असते. नंतर पुन्हा जाच झाला तर जुना अपराध जिवंत होतो. बाईंच्या बाबतीत तो झालाच होता, त्यामुळे माझ्या एका शब्दानं केस बुडाली असं कोणी म्हणू नये. पूजा, फराळ हे पुरावे तर माझ्या शब्दाशिवायही होतेच. हे मी स्वतःला वीस वर्षं सांगतेय. पण तडजोड झाली, परस्परसंमतीनं घटस्फोट झाला, आणि पोटगीचा आकडा साहेबांच्या अंदाजाच्या निम्म्यावर आला, हेही खरं. शब्दामुळे आला की बाई थकल्या म्हणून, हे कोणाला विचारू?

आणि समजा 'एन्ड्युअर्ड' लिहिलं असतं, तर बरोबर झालं असतं का? तेव्हाची मी म्हणते, बाई पोटात घातलं म्हणाल्या, सोसलं म्हणाल्या नाहीत. तिचंही चुकत नाही. दीड महिन्यानं दार उघडून आत जाताना त्यांनी थोडी तरी क्षमा केली असेल. मी ते विचारलंच नाही. मला शब्द सापडला होता ना.

माझा मुलगा हिंजवडीत आहे. त्यांच्या ऑफिसात भिंतीवर लिहिलंय की कंपनी छळ 'डज नॉट कंडोन'. तिथे त्याचा अर्थ खपवून घेणार नाही. तो म्हणतो, इतका साधा शब्द आहे आई. असेल. नकारार्थी वाक्यात तो साधाच असतो.

त्या बाई नंतर एकदा मंडईत भेटल्या. मटार घेत होत्या. मला म्हणाल्या, "महाग झालेत हो." मी म्हटलं, "हो ना." अर्धा किलो घेतले आणि आम्ही आपापल्या वाटेला लागलो.

परवाच्या फाइलमध्ये, पान सातवर, गोल केलाय. सही घेण्याआधी पक्षकाराला विचारा. आणि विचारताना 'पोटात घातलं का' असं विचारू नका.