बोडीच्या गाळात कवेलूंची घरे

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची धानाची शेती आहे आणि शेताच्या वरच्या अंगाला अर्ध्या एकराची जुनी बोडी, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे छोटे तळे, आहे. दोन वर्षांपूर्वी चीनच्या उत्तर किनाऱ्यावरील समुद्रकाकडीच्या शेतीविषयी माझ्या वाचनात आले. समुद्रकाकडी तळाचा गाळ गिळून त्यातील सेंद्रिय अंश पचवते, पण तिला चिकटून बसण्यासाठी आणि उन्हाळ्यात निपचित पडून राहण्यासाठी टणक आसरा लागतो; म्हणून तेथील शेतकरी गढूळ तळ्यांत दगड आणि कवेलू (छपराची कौले) रचून कृत्रिम खडक उभारतात. हा प्राणी आमच्याकडे पाळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो खाऱ्या पाण्यातला आणि शिवाय २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परंतु गाळ आमच्या बोडीत भरपूर होता, आणि गावात घरकुले बांधली जाऊ लागल्यापासून उतरवलेल्या कवेलूंचे ढीग प्रत्येक गोठ्यामागे पडलेले होते. हे दोन्ही पाहून मी गोड्या पाण्यातील मोठ्या झिंग्याचा विचार सुरू केला.

झिंग्याला आसरा का लागतो, हे आधी सांगितले पाहिजे. झिंगा वाढताना वारंवार कात टाकतो, आणि नवे कवच कडक होईपर्यंत तो इतका मऊ असतो की शेजारचाच झिंगा त्याला खाऊन टाकतो. लपायला जागा नसलेल्या सपाट तळावर बीज (लहान पिल्ले) कितीही सोडले, तरी त्यातले बरेचसे एकमेकांच्या पोटात जाते.

मे महिन्यात बोडीच्या साधारण अर्ध्या भागात फूटभर पाणी उरले होते. त्यात मरळ आणि मांगूर हे शिकारी मासे होते, आणि ते राहिले असते तर बीज टिकले नसते. असे मासे मारण्यासाठी मोहाची ढेप (बियांचे तेल काढल्यावर उरलेली पेंड) एक हजार लिटर पाण्याला पाव किलो या हिशेबाने टाकतात, म्हणजे आम्हाला सुमारे ७५ किलो लागली; हेच काम बोडी भरल्यावर काढले असते तर पाच क्विंटलही पुरली नसती. ढेप रात्रभर भिजवून सकाळी शिंपडली आणि दुपारपर्यंत मासे वर आले. ढेपेचा विषार उतरायला दोन ते तीन आठवडे लागतात व नंतर तिचे खत होते, त्यामुळे पावसाच्या आधीच हे उरकणे सोयीचे पडले. त्यानंतर ५० किलो चुना टाकला.

कवेलूंची पहिली रचना मात्र सपशेल फसली. मी ते थेट तळावर तीन-तीनच्या थरांत मांडले होते. गावातील एक वयस्क ढीवर (मासेमारी करणाऱ्या समाजातील) बाबाजी पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, उभे राहून बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, हा गाळ कवेलू गिळते." मी हसून सोडून दिले. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाण्यात उतरून चाचपले, तेव्हा पायाला फक्त वरच्या थराची कड लागली. खालचे दोन थर गाळात गेले होते आणि नळीसारख्या पोकळीत चिखल घट्ट बसला होता. चीनमधील तळ्यांना कदाचित आमच्यासारखा गुडघाभर गाळ नसावा, किंवा मीच अर्धवट वाचले असावे.

मग त्याच बाबाजींना सोबत घेऊन बांबूचे ताटवे (चटईसारखे सपाट तट्टे) विणले. चार खुंट गाळाखालच्या कडक मातीपर्यंत ठोकायचे, तळापासून दीड फूट उंचीवर ताटवा बांधायचा आणि त्यावर कवेलू पालथे मांडून सुतळीने आवळायचे. असे २२ ताटवे झाले. शिवाय उरलेल्या बांबूच्या फांद्या मी पानांसकट मध्ये रोवल्या. ही दुसरी चूक होती, पण ती कळायला ऑगस्ट उजाडला.

बीज जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आले. या झिंग्याची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर काही आठवडे निमखाऱ्या पाण्यातच जगतात, म्हणून बीज आम्ही किनाऱ्याकडील केंद्रातून आणले. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून रात्रभर प्रवास करून ४,००० नग पोचले. दोन पिशव्यांत पिल्ले तळाशी पांढरी पडली होती. पुरवठादाराने भरपाईचे तोंडी आश्वासन दिले, ते अजून तोंडीच आहे. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडे थोडे बोडीचे पाणी आत घेतले आणि संध्याकाळी बीज सोडले. सोबत कटला आणि रोहू टाकले; तळ उकरणारे मृगल आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे मुद्दाम टाळले.

पाण्याची पारख मी हाताने करीत असे. कोपरापर्यंत हात बुडवला की तळवा जेमतेम दिसेनासा झाला पाहिजे. आमच्याकडे तो मनगटाजवळच नाहीसा होई, आणि रंगही हिरवट नसून मातकट असे. उघड्या पाळीची माती प्रत्येक पावसात आत येत होती. पाळीवर गवत लावल्यावर सप्टेंबरात फरक पडला. तोपर्यंत बांबूवरचा बुळबुळीत शेवाळी थर, जो झिंगे खरवडून खातात, केवळ वरच्या फूटभरातच धरत होता, कारण त्याखाली उजेडच पोचत नव्हता.

ऑगस्टच्या अखेरीस चार दिवस सलग आभाळ राहिले. पाचव्या पहाटे टॉर्च घेऊन गेलो, तर काठावरच्या चार बोटे पाण्यात झिंगे ओळीने उभे होते, मिशा बाहेर, डोळे टॉर्चमध्ये केशरी चमकत होते. पाण्यातला प्राणवायू संपला होता, आणि तो संपवण्यात माझ्या पानांसकट फांद्यांच्या कुजण्याचा मोठा वाटा होता. इंजिन लावून बोडीचेच पाणी उंचावरून बोडीत सोडले आणि ऊन निघाल्यावर फांद्या ओढून काढल्या. तीसेक झिंगे मेले.

खाद्य म्हणून कोंडा आणि शेंगदाणा ढेप संध्याकाळी देत होतो, कारण हा प्राणी रात्री चरतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पहाटेच्या पाण्याचे तापमान १९ अंशांवर आले, झिंगे खाईनासे झाले आणि काढणी सुरू केली. तेव्हा ताटव्यांनी अडचण केली: ओढजाळे प्रत्येक खुंटाला अडकत होते. शेवटी रात्री दोघांनी ताटवा उचलायचा आणि तिसऱ्याने खाली झोळी धरायची, असे सहा रात्री चालले. १,२६० झिंगे मिळाले, सुमारे ४४ किलो. निळ्या नांग्यांचे नर वितीएवढे, आणि त्यांच्याच वयाचे कित्येक नर बोटाएवढे होते. व्यापाऱ्याने दोन्हींचे भाव वेगळे लावले.

यंदा ताटवे दोन रांगांत, पाळीला लागून बांधले आहेत आणि मधली जागा जाळ्यासाठी मोकळी ठेवली आहे. खुंट बाबाजींनीच ठोकले.