तुम्ही विचारलंत म्हणून: "दादा, क्रॉसओव्हर कितीवर ठेवू?"

आठवड्यातून दोनदा तरी येतो हा मेसेज. गाडीच्या ऑडिओत कुठल्या हर्ट्झच्या वरचा आवाज कुठल्या स्पीकरला आणि खालचा कुठल्या, ती सीमा म्हणजे क्रॉसओव्हर. गाडी कुठली, स्पीकर कुठले, डिकीत सब (खोल बासचा मोठा स्पीकर) आहे का नाही, काही म्हणजे काही नाही. फार तर अँपच्या नॉबचा एक फोटो, तोही सीटखाली अंधारात काढलेला. मी म्हटलं "बघावं लागेल" की समोरच्याला वाटतं दादा भाव खातोय, माहिती असून सांगत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आकडा मी सांगायचो, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना ८०. दाराला हाय पास ८० (त्याच्या वरचंच जाणार), सबला लो पास ८० (खालचंच जाणार), स्लोप २४ (सीमेपलीकडे दर सप्तकाला आवाज किती डेसिबलने उतरतो ते), पळा. आणि तो आकडा वाईट नाहीये. पण तो मुळात घरच्या सिनेमाचा, टीएचएक्सवाल्यांनी (सिनेमाच्या आवाजाची मानकं ठरवणारे) होम थिएटरसाठी पक्का केलेला, तिथे स्पीकर मजबूत खोक्यात बसलेला असतो. तुमचा बसलाय पत्र्याच्या दारात, ज्यात काच वरखाली होते, पावसाचं पाणी उतरतं आणि लॉकची दांडी खडखडते. १२ चा स्लोप असेल तर ८० वर ठेवूनसुद्धा ४० हर्ट्झला सोळाव्या हिश्शाएवढी पॉवर त्या दारात जातेच. तेवढ्यात दांडी नाचते.

बरं, खडखड नको म्हणून १२०-१३० वर नेलंत, तर तबला ऐका. डग्ग्यावर मनगट दाबून घुमक वर सरकवतात ना, ती सुरू होते डिकीत आणि संपते दारात. म्हणजे तबलजीचा उजवा हात तुमच्यासमोर आणि डावा स्टेपनीशेजारी. तुम्ही फक्त डीजे ऐकत असाल तर तुम्हाला काहीच फरक पडणार नाही, मजा करा.

पण मी आकडा सांगायचा बंद का झालो याचं कारण तबला नाही. त्याचं कारण माझा मावसभाऊ.

२०१७ ची गोष्ट. त्याने सेकंडहँड स्विफ्ट घेतली, दिवाळीच्या बोनसमधून कंपोनंट सेट (दाराचा स्पीकर वेगळा, बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वेगळा) घेतला आणि सांगलीहून कोल्हापूरला माझ्याकडे आला, दादा तूच बसवून दे म्हणून. सेटबरोबर पॅसिव्ह क्रॉसओव्हरचे, अँप आणि स्पीकरच्या मध्ये लावायचे, दोन डबे आले होते, ते लावले असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. पण माझ्या डोक्यात तेव्हा अ‍ॅक्टिव्हचं भूत. म्हणजे आवाज अँपमध्येच वाटायचा आणि प्रत्येक स्पीकरला वेगळा चॅनल द्यायचा. डबे ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकले आणि चार चॅनलच्या अँपचे दोन चॅनल थेट ट्वीटरला दिले, दोन दारांना. त्या अँपचा नॉब ४० ते ४०० चा आणि शेजारी दहापटीचा एक बारका स्विच. ट्वीटरला ३५०० हवं होतं, म्हणजे नॉब ३५० वर आणि स्विच दहापटीवर. रात्री अकरा वाजता लावलं, ऐकलं, आणि काय वाजत होतं म्हणून सांगू. तो तर गप्पच बसला होता.

सकाळी निघताना म्हणाला दारांचा बास थोडा वाढव की दादा. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की सीटच्या रेलला घासून तो स्विच सरकला. नाही सरकला. मी सीटखाली उलटं डोकं घालून, मोबाईल दातात धरून बघत होतो, अक्षरं उलटी दिसत होती, दोन्ही बाजूंचे नॉब आणि स्विच डिट्टो सारखे. एक स्विच दहापटीवर दिसला, मला वाटलं ही दारांची बाजू, इथे दहापट कशाला, म्हणून मीच खाली केला. ती ट्वीटरची बाजू होती. चहा गार होत होता म्हणून वाजवूनही बघितलं नाही.

जयसिंगपूरच्या आसपास त्याचा फोन. "दादा, आवाज एकदम समोर आलाय, गायक काचेवर बसल्यासारखा! पण जळल्यासारखा वास येतोय रे थोडा." आणि मी काय म्हणालो असेन? "नवीन वायर आहेत, येतो सुरुवातीला. चालव."

गायक काचेवर का बसला होता ते आता कुणालाही कळेल. ट्वीटरच्या त्या दोन इवल्याशा डोमांना (हलणाऱ्या पडद्यांना) ३५० पासून वर सगळं जात होतं. गाण्यातला बराचसा जोर असतोच तिथे, ३५० ते ३५०० च्या पट्ट्यात, तो सगळा केसाएवढ्या तारेच्या कॉईलवर. शिवाय वारंवारता दहापट खाली आणली की तेवढ्याच आवाजासाठी डोमला शंभरपट जास्त हलावं लागतं, आणि त्या बिचाऱ्याला अर्धा मिलिमीटर हलायची मारामार. सांगलीत पोचेपर्यंत दोन्ही गेले.

तो एका शब्दाने बोलला नाही. मावशी बोलली. "तू इंजिनिअर ना रे?" मावशी, मी मेकॅनिकलचा. पण हे उत्तर नाहीये हे मलाही कळत होतं.

मी पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. नुसत्या दारांवर दोन वर्षं गाडी चालवली आणि मग कुठल्यातरी दुकानातून साधे, ट्वीटर पोटातच असलेले, कोअ‍ॅक्शियल बसवून घेतले, मला न विचारता. ते मी ऐकलेत. बरे वाजतात. हे कबूल करायला जरा जड जातं.

त्यातून मी काय शिकलो, तर विचारू नका, कारण माझी गाडी आजही अ‍ॅक्टिव्हच आहे. तेव्हाचा मी अ‍ॅक्टिव्ह चांगलं म्हणायचो ते चूक नव्हतंच! त्याचा माज चूक होता. किंवा माजही नसेल, घाई असेल, नक्की कुठलं ते आजही ठरत नाही. एवढं मात्र करतो, ट्वीटर जोडायच्या आधी त्या चॅनलवर एक भंगारातला स्पीकर लावून ऐकतो, नुसतं "स्स स्स" आलं तरच पुढे. आणि ट्वीटरच्या वायरीत २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ४ ओहमला साधारण १८०० च्या खालचं आपोआप कमी होत जातं. त्याने फेज (दोन स्पीकरच्या लाटांचा ताळमेळ) बिघडतो असं म्हणणारे येतातच. बिघडू दे की.

तर तुमचं. ट्वीटरच्या कागदावर एफएस (त्याची स्वतःची घुमण्याची वारंवारता) लिहिलेला असतो, क्रॉसओव्हर किमान त्याच्या दुप्पट, आणि शंका असेल तर अजून वर. दार १०० पासून सुरू करा, तुम्ही खरोखर ज्या आवाजात ऐकता त्या आवाजात हळूहळू खाली या, खडखड सुरू झाली की दहाने परत वर. सब त्याच्या आसपास ठेवून फेज उलटा करून बघा, ड्रायव्हरच्या सीटवर ज्यात बास भरतो तो ठेवा. हे सगळं सांगितल्यावर परवा एकाने विचारलं, "ते ठीक आहे दादा, पण आकडा?" मी लिहिलं ८०. काय करणार.

आणि माझ्या गाडीत किती, हेही विचारता. उजवं दार ८०, डावं ९५. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवू नयेत, माहितीये मला. डाव्या दारात काहीतरी वाजतंय, तीनदा पॅनल उघडलं, सापडत नाहीये.