खांद्यावरचं यंत्र

आज सॅकच्या पट्ट्याला हवा मोजणारं छोटं यंत्र अडकवून पुण्यात फिरले. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षात पीएम २.५चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा, आकडा चढला, त्यात नवल नाही. पण संध्याकाळी घरच्या मिरचीच्या फोडणीने त्यालाही मागे टाकलं! हवेच्या अ‍ॅपवरचा आकडा ठरावीक मोजणी केंद्रांवरचा. माझ्या नाकापर्यंत काय पोचतं ते त्याला कसं कळणार? आपल्याकडे या कणांच्या २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. (म्हणजे आपली फुप्फुसं चौपट दणकट असावीत.) खरं तर हे यंत्र सिग्नलवरच्या वाहतूक पोलिसाच्या आणि पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशींच्या खांद्यावर महिनाभर लावायला हवं. पुण्यात कुणी असं मोजत असेल तर सांगा, मला त्यात यायचंय.