ढकलतंय कोण?

सेवागिरी महाराजांच्या यात्रेत निम्मा वर्ग रिकामा असायचा. आमचे विज्ञानाचे सर त्यावरून कधी रागावले नाहीत. पुसेगावहून परतलेल्या पोराला ते एवढंच विचारायचे, "कशात बसलास? आणि ढकललं कुणी?"

साखळीच्या पाळण्यात बसून आलेला हमखास सांगायचा, बाहेर फेकल्यासारखं होतं. सर म्हणायचे, "फेकणारा दाखव." तो सापडायचा नाही. अंग सरळ रेषेत जायला निघालेलं असतं आणि साखळी त्याला सारखी आत ओढते. अभिकेंद्री बल ते हेच. खुर्चीत बसूनच हिशेब मांडायचा तर अपकेंद्री बल, म्हणजे बाहेर ढकलतंय असं वाटणारं बल, धरायला त्यांची ना नव्हती, "पण मग जमिनीवर उभ्या माणसाचं गणित त्यात कालवू नकोस." रिकाम्या खुर्चीकडे आणि पैलवान बसलेल्या खुर्चीकडे नीट बघून यायलाही त्यांनीच सांगितलं होतं. दोन्ही जवळपास सारख्याच तिरक्या होतात, कारण कोनाच्या सूत्रातून वस्तुमान उडून जातं.

मौत का कुआँ मात्र सगळ्यांचा लाडका. आम्हाला धास्ती असायची वेगाची, आणि तिथेच फसगत होती. भिंत मोटारसायकलला आत रेटते, त्या रेट्यामुळे घर्षण मिळतं आणि घर्षण वजन तोलून धरतं. वेग घटला की रेटा घटतो आणि गाडी घसरते. त्रिज्या ४.५ मीटर आणि घर्षणांक ०.६ धरला, तर ताशी साधारण ३१ किलोमीटरच्या खाली येऊन चालत नाही. सायलेन्सर काढलेल्या गाडीच्या आवाजाने तो वेग दुप्पट वाटायचा, हा भाग वेगळा!

आकाशपाळण्याचं गणित सोपं. त्रिज्या ६ मीटर आणि ८ सेकंदांत एक फेरी, तर ४० किलोच्या पोराला तळाशी आपण ५५ किलोचे झालो असं वाटतं आणि माथ्यावर २५ किलोचे. पोटात गोळा येतो तो त्या २५ मुळे.

एकदा सरांनी फळ्यावर रुळाचं उभं वर्तुळ काढलं, आतून गाडी फिरेल असं. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम टेकून जाईल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी प्रवाशाला वजनाच्या सहापट रेटा बसतो, हे ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून सिद्ध केलं आणि म्हणाले, "आता यात कोण बसतो?"

बसणारे होते, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८९५ मध्ये असाच गोल फेरा असलेली 'फ्लिप फ्लॅप' नावाची गाडी सुरू झाली होती आणि माना दुखावण्यासाठी ती बदनाम झाली. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या मनोरंजन उद्यानात वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने फेऱ्याला पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला. वेग जास्त तिथे, म्हणजे खाली, वळण सैल. वेग कमी तिथे, माथ्यावर, घट्ट.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सरांना पत्रात लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं: "सहापट हे घर्षण नसताना. घर्षण धरून पुन्हा सोडव."